मिरचीच्या घरच्या बियाण्याला बुरशीसाठी नेमकं काय लावायचं?

उमरेडचा_शेतकरी

नमस्कार मंडळी. आमच्याकडे भिवापुरी मिरची असते, बी घरचंच ठेवतो, पाकीट घेत नाही कारण पाकिटातली भिवापुरी खरंच भिवापुरी निघेल याचा काही भरवसा नाही. प्रॉब्लेम दोन आहेत. एक तर गादीवाफ्यावर बी टाकलं की उगवण चांगली होते, पण दोन पानांवर आलं की मधेमधे पट्टे पडायला लागतात, रोप जमिनीलगत पिचकतं आणि आडवं होतं, सकाळी उभं असलेलं संध्याकाळी झोपलेलं. दुसरं म्हणजे मोठ्या झाडाला मिरची लाल व्हायला लागली की तिच्यावर काळे गोल डाग येतात आणि फांद्या शेंड्याकडून वाळत खाली येतात.

दुकानदार म्हणतो बियाण्याला बाविस्टीन लाव, दोन्ही बंद. मागच्या सीझनला लावलं, फरक शून्य. परत गेलो तर म्हणे डोस कमी पडला असेल, डबल कर. आता जूनमध्ये वाफे टाकायचेत, हातात अजून दीड-दोन महिने आहेत. बी २०० ग्रॅम आहे, अर्ध्या एकराच्या हिशोबाने. कोणतं औषध, किती आणि कसं लावायचं ते नीट सांगा राजेहो. पुस्तकात सगळीकडे किलोला ३ ग्रॅम लिहिलंय, म्हणजे मला ०.६ ग्रॅम लागणार, ते मोजू कशावर? घरचे म्हणतात गोमूत्रात भिजव. ट्रायकोडर्मा (मित्रबुरशी) पण सोबत लावायचा का? चुरडामुरड्याचं (पानं आकसण्याचं) विचारत नाहीये, ते थ्रिप्स-कोळी या किडींचं वेगळं दुखणं आहे हे माहीत आहे.

काळी_माती

'साफ' नावाचं बुरशीनाशक लावा भाऊ, बिनधास्त. आम्ही कांदा असो मिरची असो सगळ्याला साफच लावतो.

जुना_कृषी_सहाय्यक

डबल अजिबात करू नका. तुमचा डोस कमी पडलेला नाही, औषध भलत्याच रोगाला गेलंय. तुम्ही दोन वेगळे रोग सांगताय आणि दुकानदार दोन्हीला एकच डबा दाखवतोय.

पहिला जो आहे, रोपं आडवी पडणारा, ती रोपमर. बहुतेक वेळा यामागे पिथियम असतो. हा बियातून येत नाही, मातीत असतो आणि साचलेल्या पाण्यावर वाढतो. आणि मुख्य मुद्दा हा की पिथियम ही खरी बुरशीच नाही, बुरशीसारखा दिसणारा वेगळाच गट आहे, द्राक्षावरचा केवडा आणि फायटोप्थोरा हे त्याच्याच भाऊबंदातले. बाविस्टीन म्हणजे कार्बेन्डाझिम, ते बुरशीच्या पेशी विभागताना जे ट्यूब्युलिन नावाचं प्रथिन लागतं त्याला जाऊन चिकटतं आणि वाढ थांबवतं, पण पिथियमच्या ट्यूब्युलिनला ते नीट चिकटतच नाही. मग तुम्ही किलोला २ ग्रॅम लावा नाहीतर २० ग्रॅम लावा, पिथियमला काही फरक पडणार नाही, उलट उगवण कमी व्हायची. पिथियमवर चालतं मेटॅलॅक्सिल, आणि बियावर नुसतं कवच करणारे थायरम, कॅप्टन.

पण थांबा, सगळी रोपमर पिथियमचीच असते असंही नाही. रायझोक्टोनियानेही रोपं पडतात आणि तिथे मेटॅलॅक्सिल काही कामाचं नाही. म्हणून यंदा पट्टा पडायला लागला की पडलेलं नाही, पट्ट्याच्या कडेचं आत्ताच मलूल होत असलेलं रोप हळूच उपटा आणि जमिनीलगतचा भाग बघा. पाणी भरल्यासारखा मऊ असेल आणि चिमटीत धरून ओढलं की साल निसटून आतला धागा उघडा पडत असेल तर पिथियम समजा. तोच भाग तांबूस, कोरडा आणि चिमटून बारीक झालेला असेल, साल निसटत नसेल, तर रायझोक्टोनिया. लॅबसारखं पक्कं निदान नाही हे, पण वाफ्यावर उभं राहून एवढं पुरतं. थायरमची शिफारस सगळीकडे दिसते ती यासाठीच, ते दोघांवर कमीजास्त चालतं.

दुसरा रोग, काळे डाग आणि शेंडे वाळणं, ती फळकूज आणि फांदीमर, एकाच कोलेटोट्रायकम बुरशीची दोन रूपं. ही मात्र बियातून येते. डागाकडे नीट बघा, आत बारीक काळे ठिपके गोलागोलाने मांडलेले दिसतील. पावसाच्या थेंबासोबत उडून शेजारच्या फळावर जाते, हिरव्या मिरचीत शिरते पण गप्प बसते, मिरची पिकायला लागली की मग डाग दिसतो, म्हणून शेतकऱ्याला वाटतं अचानक आली. असल्या मिरचीतलं बी घेतलं की बुरशी नुसती बियावर नाही तर सालीच्या आत बसून येते, वरून पावडर लावून ती कमी होते, संपत नाही. इथे कार्बेन्डाझिमला अर्थ आहे, ते थोडं आत शिरतं. पण खरी बीजप्रक्रिया बी काढायच्या आधी होते. डाग नसलेल्या झाडावरची डाग नसलेली मिरची वेगळी तोडायची, वेगळी वाळवायची, आणि बी काढल्यावर तांबूस-काळपट दाणे निवडून फेकायचे.

साफवाल्या भाऊंना: त्यात कार्बेन्डाझिमसोबत मॅन्कोझेब असतं, मॅन्कोझेबचा पिथियमवर थोडाफार उपयोग होतो, म्हणून तुमचं निभावतंय.

रोपवाटिका_सिल्लोड

काकांनी रोगाचं बरोबर सांगितलं पण मी जरा उलटं बोलणार आहे. आम्ही ट्रेमध्ये रोपं करतो, उन्हाळी लागवडीची लाखाच्या हिशोबाने जातात, सगळी हायब्रीड. त्या पाकिटातलं बी कंपनीकडूनच थायरम वगैरे लावून रंगवून येतं, आणि तरीही आमच्याकडे रोपमर होते! म्हणजे बियाला औषध असूनही. बियावरचं औषध बियाभोवती तेवढंच असतं, उगवून वर आलं की खोडाला काय मिळणार? दोन-तीन आठवड्यांच्या पुढे त्याच्या भरवशावर राहूच नका. आमच्याकडे रोपमर होते ती नव्वद टक्के वेळा पाण्यामुळे. ढगाळ वातावरण आहे, कोकोपीट वरून कोरडं दिसतंय म्हणून पोराने पाईप मारला, खाली चिखल, झालं, दुसऱ्या दिवशी त्या ट्रेच्या रांगेत सगळं आडवं. जिथे पाईप पोचत नाही त्या कोपऱ्यातले ट्रे ठणठणीत. आता नियमच केलाय की ट्रे उचलून बघायचा, वजन लागलं तर पाणी नाही, आणि संध्याकाळी तर अजिबात नाही, रात्रभर खोडाला ओल राहिली नाही पाहिजे.

तुमचा गादीवाफा आहे तर बघा, उंची १५ ते २० सेंमी तरी आहे का? सपाट वाफा असेल तर औषधं लावूच नका, पैसे वाचवा, आधी वाफा उचला. बी फोकून टाकता की ओळीत? फोकलेलं दाट उगवतं, हवा खेळत नाही, एक पडलं की शेजारी दहा पडतात. ८-१० सेंमीवर आडव्या ओळी पाडा, पातळ टाका, वरून बारीक शेणखत-मातीने झाका, झारीने पाणी द्या. वर झाकायला गवत पसरलं असेल तर उगवल्यावर ते लगेच काढा. आणि दरवर्षी त्याच जागेवर वाफे करत असाल तर जागा बदला, विहिरीजवळ सोयीचं पडतं म्हणून सगळे तिथेच करतात आणि रोग तिथेच साठत जातो.

उमरेडचा_शेतकरी

बाप्पा, एवढं तर कोणी सांगितलंच नव्हतं. वाफा उंच आहे पण बी फोकूनच टाकतो, आणि हो, जागा दरवर्षीची विहिरीजवळचीच, तुम्ही बघून गेल्यासारखं लिहिलं. पण काका, यंदाचं बी काढून झालंय, मिरच्या सगळ्या एकत्रच वाळवल्या होत्या, आता त्यातलं डागवालं कोणतं आणि चांगलं कोणतं कसं कळणार? फेकून द्यायचं म्हटलं तर दुसरं आणू कुठून.

जुना_कृषी_सहाय्यक

फेकू नका. आधी बी पाण्यात टाका, तरंगतं ते हलकं-पोचट, काढून टाका, त्यात रोगट बरंच निघून जातं. बुडालेलं सावलीत पसरून सुकवा आणि काळपट दाणे निवडा, दुपारचं बसून करण्यासारखं काम आहे, मिरचीचं बी आहे तेव्हा डोळ्याला हात लावू नका एवढं सांगायला नको.

मग शंभर दाणे मोजून घ्या. ताटलीत टीपकागद किंवा साधा पांढरा पेपर नॅपकिन तीन-चार पदर ओला करून घाला, दाणे एकमेकाला चिकटणार नाहीत असे मांडा, वरून दुसरी ताटली झाका, ओल टिकवा. आठवडाभराने बघा. उगवण किती टक्के आहे ते तर कळेलच, पण भिंग असेल तर ज्या दाण्यावर काळे ठिपके आणि त्यातून उभे राहिलेले काळे राठ केस दिसतील तो कोलेटोट्रायकम. पांढरा-हिरवा कापूस आला तर घाबरू नका, ती बहुतेक साठवणीतली बुरशी असते. शंभरात एखादा-दोन काळे केसाळ निघाले तर निवडून, औषध लावून वापरा. बरेच निघाले तर गरम पाण्याचा उपाय करा, नाहीतर गावात कोणाकडे चांगलं भिवापुरीचं बी आहे का बघा, जीआय (भौगोलिक मानांकन) मिळालेली जात आहे, ठेवणारे आहेत अजून तुमच्याकडे.

मृदगंध_ताई

गरम पाण्याचं मी करते ते सांगते, परसबागेपुरतं आणि शेजारच्या बायकांचं मिळून. मिरचीला साधारण ५२ अंश सेल्सिअस आणि ३० मिनिटं. त्याआधी बी सुती कापडाच्या पुरचुंडीत सैल बांधून ३८ अंशाच्या पाण्यात १० मिनिटं, म्हणजे बियाला एकदम चटका बसत नाही. सगळा खेळ तापमान धरून ठेवण्याचा आहे, पातेल्यात गॅसवर हे जमत नाही, खाली वेगळं वर वेगळं असतं. मी मोठा चहाचा थर्मास वापरते, त्यात आधी गरम पाणी घालून थर्मास तापवून घेते, ते ओतून मग ५३ च्या आसपासचं पाणी भरते, पुरचुंडी टाकली की दीड अंश उतरतं. काट्याचा थर्मामीटर सोडून साधा डिजिटल घ्या, ताप मोजायचा नाही हां, तो ४२-४३ च्या वर जातच नाही, स्वयंपाकातला मिळतो तो. मधेमधे पुरचुंडी हलवायची, तापमान ५० ला आलं की थोडं उकळतं पाणी बाजूने घालायचं, बियावर नाही. वेळ झाली की लगेच गार पाण्यात बुडवून काढायची आणि बी सावलीत पंख्याखाली पातळ पसरायचं.

५५ च्या वर गेलं तर बी मेलंच समजा. जुनं बी, दोन-तीन वर्षांचं, याला टिकत नाही. रंगवलेल्या पाकिटातल्या बियाला तर हे करायचंच नाही, औषध धुऊन जाईल आणि ते पाणी विषारी होईल. आणि सगळं २०० ग्रॅम एकदम घालू नका, आधी चिमूटभर करून उगवण बघा. याने सालीच्या आतली बुरशी मरते, जिवाणूजन्य ठिपक्यालाही उपयोग होतो, पण पुढे मातीतल्या बुरशीपासून काहीच संरक्षण राहत नाही, त्यामुळे नंतर थायरम किंवा ट्रायकोडर्मा काहीतरी लावावंच लागतं.

उमरेडचा_शेतकरी

थर्मास आहे ताई, करून बघतो. आता ते ०.६ ग्रॅमचं कोणीतरी सांगा.

जैविक_जालना

केमिकलच्या नादी कशाला लागता, ट्रायकोडर्मा लावा, किलोला ५ ग्रॅम, गुळाच्या पाण्यात कालवून. सोबत अ‍ॅझोटोबॅक्टर, पीएसबी ही जिवाणू खतं. गोमूत्र-शेण-चुन्याचं बीजामृत पण चांगलं. माती जिवंत झाली की रोगच येत नाही.

जुना_कृषी_सहाय्यक

जालनाभाऊ, ट्रायकोडर्मा चांगलाच आहे, मी स्वतः गावोगाव वाटलाय, पण जरा शिस्तीत वापरावा लागतो. बाविस्टीन लावलेल्या बियावर ट्रायकोडर्मा लावला तर बाविस्टीन आधी त्यालाच मारणार, तीही बुरशीच ना. त्यामुळे बियावर एकतर रासायनिक लावा नाहीतर जैविक. दोन्ही हवं असेल तर बियाला थायरम आणि वाफ्याच्या मातीत ट्रायकोडर्मा, थायरमचा थर बियापुरता असतो, मातीतल्याला फार बाधत नाही. मातीत टाकायचा म्हणजे नुसती पावडर शिंपडायची नाही. १ किलो ट्रायकोडर्मा १०० किलो चांगल्या कुजलेल्या शेणखतात मिसळा, हाताने दाबलं तर मूठ होईल पण पाणी टपकणार नाही इतकी ओल ठेवा, सावलीत ओल्या गोणपाटाने झाकून १०-१५ दिवस ठेवा, एकदा खालीवर करा, मग वाफ्यात मिसळा. अर्ध्या एकराच्या रोपांना याच्या चौथाईतही भागेल. आणि पाकीट घेताना तारीख बघा, उन्हात तापलेल्या शटरमागे पडून असलेलं पाकीट म्हणजे नुसती शंखजिऱ्याची भुकटी, केव्हीके (कृषी विज्ञान केंद्र) किंवा कृषी विद्यापीठाचं ताजं मिळालं तर ते घ्या. ग्रॅममध्ये किमान २० लाख जिवंत बीजाणू असले पाहिजेत असं प्रमाण आहे.

बीजामृताने नुकसान नाही, पण सालीच्या आत बसलेला कोलेटोट्रायकम त्याने मरेल अशी आशा धरू नका. घरच्यांना सांगा गोमूत्र निर्मळ घालू नका, तीव्र असतं, उगवणीला मार बसतो.

आता मोजमाप. ०.६ ग्रॅम मोजणारा नाजूक काटा नको, पाण्याने मोजा. ३ ग्रॅम थायरम घ्या, एवढं कुठल्याही छोट्या डिजिटल काट्यावर मोजता येतं. ते ५० मिली पाण्यात कालवा. आता यातल्या प्रत्येक १० मिलीत ०.६ ग्रॅम आहे, म्हणजे तुमच्या २०० ग्रॅम बियाला बरोबर १० मिली. मेडिकलमधली सुई नसलेली सिरिंज आणा. थायरम पाण्यात विरघळत नाही, तळाला बसतं, म्हणून ओढायच्या आधी दर वेळी ढवळायचं, नाहीतर वरचं पाणी जाईल आणि औषध बाटलीत राहील. बी रुंद तोंडाच्या प्लास्टिक बरणीत घ्या, १० मिली एकदम न ओतता फिरवत फिरवत सोडा, झाकण लावून बरणी आडवी करून लोळवा, हलवून आपटू नका, साल खरचटते. सगळ्या दाण्यांवर सारखी झाक आली की पेपरवर सावलीत सुकवा. आज लावून त्याच दिवशी किंवा दुसऱ्या दिवशी पेरा. फळकूज तुमच्याकडे आहेच, तर त्याच पाण्यात कार्बेन्डाझिम २ ग्रॅम टाकलं तरी चालेल, १० मिलीत ०.४ येतं. हातमोजे घाला, तोंडाला फडकं बांधा. ती बरणी परत लोणच्याला नको. उरलेलं बी कोंबड्यांना नको.

काणकोणचो_बागायतदार

आमच्या खोला मिरचीला हा त्रास कमी असतो असं मला वाटतं कारण डोंगर उतारावर लागवड, पाणी थांबतच नाही, सगळी पावसावरची. पण रोपाला मे अखेरीस पहिला पाऊस लागला की पडतंच. आमच्याकडे बी ठेवायच्या मिरच्या बायका झाडावरच खूण करून ठेवतात, पहिल्या-दुसऱ्या तोडणीच्या, डाग पडलेल्या झाडाच्या बाजूच्याही घेत नाहीत. काकांनी सांगितलं तेच.

गच्चीवरची_बाग_पुणे

मधेच घुसतेय, सॉरी. मी दुकानातून आणलेलं बी गुलाबी रंगाचं आहे, कुंडीत दहा-बारा दाणेच लावायचेत, मला पण थायरम आणावं लागेल का?

रोपवाटिका_सिल्लोड

नाही ताई, तो गुलाबी रंगच औषधाची खूण आहे, आधीच लावलेलं आहे. फक्त हात धुवा आणि कुंडीत जुनी माती भरू नका, खाली भोक आहे का बघा, आणि ते स्प्रे बाटलीने दिवसातून चार वेळा फुसफुस करणं बंद ठेवा.

उमरेडवाले भाऊ, तुमच्याकडे अजून उन्हाळा शिल्लक आहे तर सगळ्यात स्वस्त उपाय तोच वापरा. वाफे आत्ताच करून ठेवा, शेणखत मिसळून भरपूर पाणी द्या, आणि ओले असतानाच वरून प्लास्टिक अंथरून चार ते सहा आठवडे तापू द्या. तुमच्या भागातलं मे महिन्याचं ऊन म्हणजे विचारायलाच नको, वरच्या थरातला पिथियम-रायझोक्टोनिया बराच मरतो, तणाचं बी पण जातं. ट्रायकोडर्माचं शेणखत मात्र प्लास्टिक काढल्यावर मिसळा, आधी घातलं तर तोही शिजेल. नंतर वाफा खोल चाळू नका, खालची न तापलेली माती वर येते. एवढं करूनही पट्टा दिसलाच तर पट्ट्यातली रोपं मातीसकट काढा आणि कडेने कॉपर ऑक्सिक्लोराईड १० लिटरला २५-३० ग्रॅम, झारीने आळवणी, म्हणजे मुळाशी ओतायचं. साल निसटणारा प्रकार असेल तर मेटॅलॅक्सिल-मॅन्कोझेबचं मिश्रण, १० लिटरला २० ग्रॅम. या कॉपरची आळवणी केली की ट्रायकोडर्मा कमी होतो, त्यामुळे गरज असेल तिथेच, सगळ्या वाफ्यावर नाही.

उमरेडचा_शेतकरी

जमलं. विहिरीजवळची जागा सोडून गोठ्याच्या मागे उंचवट्यावर वाफे करतो यंदा. प्लास्टिक मल्चिंगचं काळं पडून आहे घरी, तेच टाकू का? नाहीतर उद्या उमरेडला जाणारच आहे.

रोपवाटिका_सिल्लोड

काळं नको, त्याने वरचं प्लास्टिक तापतं आणि माती मागे राहते. पारदर्शक मागा, २५ मायक्रॉनच्या आसपासचं, जाड घेऊ नका, पातळ असलं की ऊन आत जास्त जातं. चारी बाजूंनी चर काढून कडा मातीत दाबा, वाऱ्याने एक कोपरा जरी उचलला तरी वाफ निघून जाते. कुत्री-कोंबड्या चालून भोकं पाडतात, तिथे चिकटपट्टी लावत राहा.